आम्ही आणि आपण : स्थलांतरित सहाध्यायी आणि मुलांची पुस्तके

बाहेरगावाहून वर्गात आलेल्या मुलांबद्दल इतर मुलांना आपुलकी वाटावी म्हणून मुद्दाम निवडलेल्या गोष्टी वाचायला देणे, हा शिक्षणातला एक रूढ उपाय आहे. वरकरणी तो साधा वाटतो, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. गोष्टीचा उपयोग मुलाचे मन वळवण्यासाठी करावा का, हा पहिला. मन वळवायचेच तर कशाकडे, दयेकडे, सोशिकपणाकडे की मैत्रीकडे, हा दुसरा. आणि वर्गात परका कोण, हे कोणी ठरवायचे, हा तिसरा. पहिला प्रश्न शिक्षणविचाराचा आहे, दुसरा नीतीचा आणि धर्माचा. तिसऱ्याचे उत्तर मात्र गावोगाव बदलते.

मराठीत या विषयाला व्याकरणाचीही एक बाजू आहे. हिंदीतल्या ‘हम’साठी मराठीत दोन शब्द आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही सहलीला जाणार’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण सहलीला जाणार’ म्हटले की तो बरोबर येतो. गुजराती, तेलुगू आणि तमिळ भाषांतही हा भेद आहे. हिंदी, उर्दू आणि बंगालीत तो नाही. त्यामुळे तेलंगणातून आलेल्या मुलाला तो ओळखीचा असतो, तर बिहारमधून आलेल्या मुलाला नव्याने शिकावा लागतो. बहुधा तो धड्यातून शिकण्याआधी मधल्या सुट्टीतच शिकतो, खेळात घेतात की नाही यावरून. स्थलांतरितांविषयीच्या बालपुस्तकाचे काम नेमके या दोन सर्वनामांमध्ये चालते. वाचणाऱ्याचे ‘आम्ही’ कोणत्या अटीवर ‘आपण’ होते, यावरून अशा पुस्तकाची परीक्षा करता येते.

पनवेलचा वर्ग

परका कोण, याचे उत्तर गावोगाव बदलते म्हणून एक गाव उदाहरणाला घेऊ. पनवेल हे कोकण आणि घाट यांच्या वाटेवरचे जुने व्यापारी गाव. तिथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. १९७० मध्ये सिडको या शहर उभारणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईची वसाहत या तालुक्यात पसरत गेली. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल ही उपनगरे उभी राहिली. कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याची औद्योगिक वसाहत, गोदामे, इमारतींची बांधकामे आणि भोवतालच्या वीटभट्ट्या यांना माणसे लागतात. ती माणसे येतात तेव्हा मुलेही येतात.

अशा गावातल्या सरकारी शाळेच्या एका वर्गात निदान चार प्रकारची मुले एकत्र बसलेली असू शकतात. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, कर्नाटक किंवा तेलंगणातून आलेल्या कुटुंबांची मुले हा एक प्रकार. ‘स्थलांतरित’ म्हटले की डोळ्यांपुढे तीच येतात. दुसरा प्रकार घाटावरून, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या मुलांचा. ती मराठीच बोलतात, पण त्यांच्या बोलीवर हसू येते म्हणून गप्प बसतात.

तिसरा प्रकार कातकरी मुलांचा. कातकरी हे रायगडचे मूळ रहिवासी आणि महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. भट्टीवर मोठी माणसे गारा तुडवतात, साच्यातून विटा पाडतात. मुले वाळत घातलेल्या विटा उलटतात, वाळलेल्या विटांच्या ओळी रचतात. अशा मुलाला रचलेल्या विटांचा हिशेब तोंडी करता येतो. जूनमध्ये ते शाळेत परतते तेव्हा मात्र त्याची वर्गातली जागा दुसऱ्याला गेलेली असते आणि पुस्तक बरेच पुढे सरकलेले असते. मधले सहा महिने ते ‘पटावर आहे, वर्गात नाही’ असे असते. म्हणजे इथला सर्वांत जुना रहिवासीच दर वर्षी नवा विद्यार्थी होतो.

चौथा प्रकार आगरी, कोळी, कराडी कुटुंबांतल्या मुलांचा. सिडकोच्या भूसंपादनात यांच्या जमिनी गेल्या. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ही त्याच लढ्याची निष्पत्ती. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. एका मुलाचे घर ज्या धावपट्टीसाठी पाडले गेले, तीच बांधायला दुसऱ्या मुलाचा बाप हजार मैलांवरून आला आणि दोघे एका बाकावर बसले, असे या तालुक्यात सहज घडू शकते. पहिल्याने घरी ‘बाहेरच्यांनी आमचे सगळे नेले’ हे वाक्य ऐकलेले असते. दुसऱ्याने आपल्या बापाला लोक ‘भैया’ म्हणून हाकारतात ते ऐकलेले असते.

अशा वर्गात ‘आपण यजमान आणि ते पाहुणे’ एवढ्या भांडवलावर रचलेले पुस्तक पुरत नाही. यजमान कोण, इथपासूनच त्याला सुरुवात करावी लागते.

गोष्टी आधीपासूनच मन घडवतात

मुलांच्या मनावर गोष्टीतून परिणाम करू नये, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुले शाळेत येण्याआधीच परक्यांविषयीच्या अनेक गोष्टी ऐकून आलेली असतात. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण मराठी घरात मोठी माणसे सहज वापरतात. उंटाला तंबूत मान घालू देणाऱ्या अरबाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दोन्हींचा बोध एकच आहे : आत घेतलेला परका शेवटी घरमालकाला बाहेर काढतो.

पंचतंत्रातली ऊ आणि ढेकूण यांची गोष्टही याच जातीची. राजाच्या पलंगात सुखाने राहणारी मंदविसर्पिणी नावाची ऊ अग्निमुख नावाच्या ढेकणाला आसरा देते. ढेकूण उतावळेपणाने राजाला चावून पळून जातो आणि शोधाशोधीत बिचारी ऊ मारली जाते. ज्याचे कूळ आणि शील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये, हे तिचे तात्पर्य मुलांच्या संक्षिप्त आवृत्तीत शेवटी छापलेले असते.

मूळ ग्रंथात मात्र ही गोष्ट कोण, कोणाला आणि कशासाठी सांगतो, हे फार महत्त्वाचे आहे. संजीवक नावाचा बैल व्यापाऱ्याने वाटेत सोडल्यामुळे रानात एकटा उरतो. तो त्या रानात परका. पिंगलक सिंहाशी त्याची मैत्री होते आणि दमनक कोल्ह्याचे महत्त्व कमी होते. तेव्हा सिंहाच्या मनात बैलाविषयी संशय पेरण्यासाठी दमनक त्याला ऊ-ढेकणाची गोष्ट ऐकवतो. बैल निर्दोष असतो. तरीही तो मारला जातो आणि सिंह मागाहून हळहळतो. नव्याने आलेल्याविरुद्ध मन फिरवण्यासाठी गोष्ट कशी वापरली जाते, याचे इतके नेमके चित्र भारतीय वाङ्मयात क्वचित सापडेल. संक्षेप करताना चौकट गळते आणि लबाड कोल्ह्याचे वकिली भाषण मुलांच्या हाती नीतितत्त्व म्हणून पडते.

म्हणून खरा प्रश्न गोष्टीने मन घडवावे की नाही, असा राहत नाही. जे घडवणे चालूच आहे त्याकडे लक्ष द्यायचे की नाही, एवढाच तो उरतो.

मन घडवण्याचा अधिकार

या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे दिली गेली आहेत. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये लहान मुलांना सांगायच्या कथांवर नगरराज्याची देखरेख असावी असे म्हटले, कारण कोवळ्या वयात मनावर उमटलेला ठसा पुसत नाही. पंचतंत्राची प्रस्तावनाही त्याच बाजूची आहे. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी मुलांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची प्रतिज्ञा करून विष्णुशर्मा गोष्टी सांगू लागतो. इथे गोष्ट हे उघडउघड साधन आहे. मराठीतला ‘संस्कार’ हा शब्दही याच विचारातून येतो.

दुसरी बाजू बालशिक्षणाच्या चळवळीने मांडली. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीच्या वर्गाला गोष्टी सांगतो त्या मुलांना गोडी लागावी म्हणून. तात्पर्य घोकून घेण्यावर त्याचा विश्वास नाही. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी हाच विचार पुढे नेला. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे जमेना, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मुलाला आपल्या साच्यात ओतण्याऐवजी साचा मुलाच्या बेताने बदलायचा, हे त्या प्रयोगाचे सार होते.

या दोन बाजूंमधला मार्ग साने गुरुजींच्या लेखनात दिसतो. ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उपदेश भरपूर आहे. पण उपदेश ऐकणारा आणि चुकणारा श्याम स्वतः निवेदक आहे. वाचणाऱ्या मुलाला ‘तू वाईट आहेस’ असे कोणी म्हणत नाही. ‘मी असा चुकलो’ असे एक मोठा माणूस सांगतो. पूर्वग्रहाविषयीच्या पुस्तकाला हा धडा फार उपयोगी आहे. ज्या मुलाने वर्गमित्राला हिणवले आहे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे पुस्तक ते मूल मिटून ठेवते.

तेव्हा कसोटी अशी ठरवता येईल. जी गोष्ट मुलाला एखादा अनुभव देते आणि निष्कर्ष त्याच्यावर सोडते, ती मन घडवते तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालत नाही. जी गोष्ट आधी ठरलेल्या तात्पर्यासाठी माणसांना कामाला लावते, ती दमनकाच्या गोष्टीच्या पंगतीत बसते, मग तिचे तात्पर्य कितीही चांगले असो.

दया, अट आणि मैत्री

मन कशाकडे वळवायचे, या दुसऱ्या प्रश्नाची तीन उत्तरे तीन प्रसिद्ध गोष्टींतून तपासता येतात.

पहिली एकनाथांची. पैठणला भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत मागे राहिलेले एका अस्पृश्य कुटुंबातले मूल रडत होते. एकनाथांनी ते उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचवले. पाठ्यपुस्तकांतून ही गोष्ट भूतदयेची म्हणून शिकवली जाते. तिचे मूळ वजन मात्र स्पर्शात आहे. स्नानसंध्या करून निघालेल्या ब्राह्मणाने सोवळ्याचा नियम मोडला, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. नियम मोडल्याचा भाग गाळला की उरते ती कणव. त्यात उचलणाऱ्याला नाव असते, उचललेल्याला नाव नसते आणि तोंडही नसते. स्थलांतरितांवरची अनेक बालपुस्तके नकळत याच साच्यात बसतात. गरीब, घाबरलेले नवे मूल येते, वर्गातला गुणी विद्यार्थी त्याला डबा देतो आणि शिक्षक गुणी विद्यार्थ्याला शाबासकी देतात. नवे मूल दुसऱ्याच्या चांगुलपणाचे निमित्त होऊन बसते.

दुसरी गोष्ट संजाणच्या पारशांची. आश्रय मागायला आलेल्यांपुढे राजाने दुधाने काठोकाठ भरलेले भांडे ठेवले आणि त्यांनी त्यात साखर विरघळवून दाखवली, अशी ही लोककथा. ती गोड आहे आणि कृतज्ञतेची आहे. पण तिच्यात एक अट लपलेली आहे. येणाऱ्याने जागा व्यापू नये, दिसू नये आणि गोडी मात्र वाढवावी. वर्गातल्या मुलाला ही अट लावली तर अर्थ असा होतो की त्याने हुशार, विनोदी किंवा क्रिकेटमध्ये तरबेज असले पाहिजे, नाहीतर त्याला घेण्याचे कारण काय? सामान्य, चिडखोर, अभ्यासात मागे असण्याचा अधिकार इथल्या मुलांना असतो. तोच नव्या मुलाला नाकारणे हा भेदभावच आहे.

तिसरी गोष्ट रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘काबुलीवाला’, १८९२ सालची. सुकामेवा विकणारा रहमत आणि पाच वर्षांची मिनी यांची गट्टी जमते. मिनीच्या आईला मुलगी पळवली जाईल अशी भीती वाटते. आईची भीती खोटी ठरते, पण रहमत काही साखर नाही. पैसे बुडवणाऱ्याला तो सुरा मारतो आणि तुरुंगात जातो. काही वर्षांनी मिनीच्या लग्नाच्या दिवशी परत येतो तेव्हा तिला तो ओळखीचा उरलेला नसतो. त्याच्याजवळच्या कागदावर काजळीने उमटवलेला त्याच्या लेकीच्या पंजाचा ठसा असतो. तो पाहून मिनीच्या वडिलांना कळते की हाही एक बाप आहे. लग्नातली रोषणाई आणि बँड कमी करून ते त्याला घरी परतण्यापुरते पैसे देतात. रहमत निर्दोष नाही आणि विरघळतही नाही. कथा त्याच्याकडे गुणांचे प्रमाणपत्र मागत नाही. वाचणारा त्याच्या बरोबरीला येतो तो कागदावरच्या त्या ठशामुळे.

या तिसऱ्या नात्याला बौद्ध परंपरेत नाव आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांत करुणेहून मैत्री वेगळी सांगितली आहे. करुणा दुःखिताकडे वळते, मैत्रीला समोरचा दुःखी असावा लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वातंत्र्य आणि समता यांना टिकवून धरणाऱ्या बंधुतेचा अर्थ बुद्धाच्या मैत्रीतून लावला. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेल्या, नळाला हात लावण्याची मुभा नसलेल्या विद्यार्थ्याच्या अनुभवातून हा विचार आला आहे. त्या विद्यार्थ्याला कोणाच्या दयेने पाणी मिळाले असते, तरी तो बरोबरीचा झाला नसता. १९२७ साली याच कोकणात, महाडच्या चवदार तळ्यावर, हक्काने पाणी घेऊन हा फरक कृतीतून मांडला गेला. शाळेतल्या स्थलांतरित मुलाबाबत साधायचे ते मैत्रीचे नाते आहे, आणि पुस्तकाची निवड त्या मापाने करावी लागते.

मराठीतले एक जुने उदाहरण

मुलांच्या मनात आपल्या लोकांच्या परकेपणाची आठवण जागी ठेवण्यासाठी धर्माने मुद्दाम रचलेले एक पुस्तक मराठीत पावणेदोनशे वर्षांपासून आहे. पनवेल परिसराशी त्याचा जवळचा संबंध आहे. ते म्हणजे बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाचे हग्गादा.

बेने इस्राएल परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. कोकणात त्यांनी तेलाचा घाणा चालवला. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांनी मराठी ही घरची भाषा केली आणि गावांवरून पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर अशी आडनावे घेतली. पनवेलमधले त्यांचे बेथ एल प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. समुद्रातून आलेली माणसे ‘कर’ लावून इथली झाली, हे स्थलांतराचे पनवेलकरांना रोज दिसणारे उदाहरण आहे.

मिसर म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेचा सण वल्हांडण, त्या रात्री यहुदी घरात हग्गादा वाचतात. मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्याआधी कोकणात हा सण ‘अनशी ढाकाचा सण’ या नावाने, आंबट पातळ पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याच्या घरगुती रिवाजाच्या रूपाने टिकून होता. पुस्तकाने रिवाजाला त्याची गोष्ट परत दिली.

या पुस्तकाची रचना मुलाभोवती आहे. सर्वांत लहान मूल ही रात्र वेगळी का, असे विचारते आणि मोठ्यांना सांगावे लागते की आपण मिसर देशात गुलाम होतो. प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतः त्या देशातून बाहेर पडलो असे मानावे, अशी त्यात अपेक्षा आहे. पुढे चार प्रकारची मुले येतात : शहाणे, दुष्ट, साधे आणि ज्याला विचारताच येत नाही असे. दुष्ट मुलाचा दोष कोणता, तर ते ‘तुम्ही हे काय करता’ असे विचारते, स्वतःला त्यात धरत नाही. म्हणजे दोष सर्वनामाचा आहे. ज्याला विचारता येत नाही त्याच्याबाबत मात्र वडिलांनी आपणहून बोलायला सुरुवात करायची असते. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेल्या, भाषा न कळणाऱ्या मुलाला शिक्षकाने कसे वागवावे, याचे याहून नेमके सूत्र शोधून सापडणार नाही.

याच आठवणीवर यहुदी धर्मग्रंथातली, तोरातली, एक आज्ञा उभी आहे. परक्याला छळू नये, कारण तुम्हीही मिसरात परके होता आणि परक्याचे मन तुम्ही जाणता. आज्ञेचे कारण परक्याच्या चांगुलपणात शोधलेले नाही, ऐकणाऱ्याच्या आठवणीत शोधले आहे. त्यामुळे इथे दयेची उतरंड तयार होत नाही आणि साखरेची अटही लागत नाही.

या पद्धतीचा एक धोकाही आहे. सोसल्याची आठवण माणसाला मऊ करते तशी कठोरही करते. ‘आम्ही सोसले, तुम्हीही सोसा’ किंवा ‘आमचे आधी गेले, आता तुम्हाला काय देऊ’ ही वाक्येही आठवणीतूनच येतात. विमानतळासाठी उठलेल्या गावातल्या मुलाला ‘सर्वांचे स्वागत करा’ एवढेच सांगणारे पुस्तक त्याची खरी तक्रार नाकारते. त्याची तक्रार खोटी नाही, तिचा पत्ता चुकीचा आहे. जमीन शेजारच्या बाकावरच्या मुलाने घेतलेली नसते. घर सोडावे लागल्याचा अनुभव दोघांकडे आहे, हे दाखवणारी गोष्ट तक्रार पुसत नाही आणि तिला शेजाऱ्यावर रोखूही देत नाही.

एका शब्दाचे वजन

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ साली जपानीत प्रसिद्ध झाले. नॅशनल बुक ट्रस्टच्या मराठी आवृत्तीमुळे ते महाराष्ट्रातल्या शिक्षकांचे आवडते पुस्तक झाले. त्यातला एक छोटा प्रसंग या विषयाच्या गाभ्याशी जातो. वाटेत राहणारा मासाओ नावाचा मुलगा पुस्तकातल्या लहान मुलीवर, तोत्तोचानवर, ‘कोरियन!’ असे ओरडतो. तोत्तोचान घरी येऊन आईला विचारते. आईच्या डोळ्यांत पाणी येते, कारण मासाओच कोरियन आहे. लोक त्याच्यावर हा शब्द इतक्यांदा फेकतात की तो त्याला शिवीच समजतो आणि रागावला की दुसऱ्यावर तीच फेकतो. आपण कोरियन म्हणजे काय, हेही त्याला ठाऊक नसते.

मराठीत याला समांतर शब्द ‘भैया’. त्याचा अर्थ भाऊ. सर्व भारतीयांना भावंडे म्हणणारी प्रतिज्ञा प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असते. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली. प्रार्थनेच्या वेळी मुले ‘बांधव’ म्हणतात आणि मधल्या सुट्टीत त्याच अर्थाचा शब्द हिणवण्यासाठी वापरतात. ‘भैया म्हणू नका’ असा नियम करून हे मिटत नाही, कारण शब्दात वाईट काही नाही. मासाओची गोष्ट वाचल्यावर मात्र शब्द आणि तो फेकण्याची रीत यांतला फरक तिसरीतल्या मुलालाही कळतो. शिवाय तो प्रसंग जपानमधला असल्याने वर्गात कोणाकडे बोट जात नाही. परक्या मुलखातल्या गोष्टीचा हा मोठा फायदा आहे.

पुस्तक किती काम करते

गोष्ट वाचून मुलांचे मत खरोखर बदलते का, याची पाहणी झालेली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी इंग्लंडमध्ये लिंडसे कॅमेरॉन, अ‍ॅडम रटलँड आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना ब्रिटिश मूल आणि निर्वासित मूल यांच्या मैत्रीच्या गोष्टी वाचून दाखवल्या आणि त्यावर चर्चा घेतली. या मुलांचा निर्वासितांविषयीचा दृष्टिकोन अधिक अनुकूल झाला. सर्वांत चांगला परिणाम त्या गोष्टींचा झाला ज्यांत दोन्ही मुले एकाच शाळेची म्हणून दाखवली होती आणि प्रत्येकाची आपली वेगळी ओळखही कायम ठेवली होती. मराठीत सांगायचे तर ‘आपण’ झाले, तरी कोणाचे ‘आम्ही’ पुसले गेले नाही. इटलीत लोरिस वेझाली आणि सहकाऱ्यांनी हॅरी पॉटरमधले पूर्वग्रहाविषयीचे उतारे पाचवीतल्या मुलांबरोबर वाचले. ज्या मुलांना हॅरी आपलासा वाटत होता, त्यांच्या स्थलांतरितांविषयीच्या मतात सुधारणा दिसली. त्या उताऱ्यांतला पूर्वग्रह मात्र स्थलांतरितांविषयीचा नव्हता. दोन्ही ठिकाणी वाचनाला चर्चेची जोड होती. नुसते कपाटातले पुस्तक हे काम करत नाही.

वर्गात याचा अर्थ काही साध्या निवडींपर्यंत येतो. शब्द नसलेली किंवा कमी असलेली पुस्तके पहिल्यांदा हाती द्यावीत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’सारख्या पुस्तकात चित्र पाहून बोलायचे असते, त्यामुळे मराठी न येणारे मूल पहिल्याच दिवशी वाचक होऊ शकते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर एकच चित्रकथा मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड, बंगाली अशा अनेक भाषांत मोफत मिळते. दोन मुलांनी एकच गोष्ट आपापल्या लिपीत वाचली की शिकवणारा आणि शिकणारा ही जागा आलटून पालटून दोघांना मिळते. साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून पुढे मांडलेली आंतरभारतीची कल्पना प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकण्याची होती. पनवेलमध्ये तो दुसरा प्रांत शेजारच्या बाकावर आलेला आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे. ती आनंदाने शिकली जाण्यासाठीही शिकणाऱ्याच्या भाषेला वर्गात मान असणे उपयोगी पडते.

धार्मिक गोष्टी सरकारी शाळेत वापराव्यात का, हा उपप्रश्न उरतो. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणे मात्र त्यात मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मधील अरुणा रॉय खटल्यात म्हटले. त्यामुळे एकनाथांची, हग्गादाची किंवा बुद्धाच्या मैत्रीची गोष्ट वर्गात सांगता येते, फक्त श्रद्धेची मागणी करता येत नाही. संतचरित्रे सांगताना त्यातले प्रवास गाळू नयेत. ज्यांच्या आठवणींतून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला पहिला गद्यग्रंथ झाला ते चक्रधर गुजरातेतून आले होते. नामदेव पंजाबात गेले आणि त्यांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

शेवटी पुस्तकाच्या मर्यादा. शिक्षणहक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी कलम ९ खाली स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. वयानुरूप वर्ग आणि दाखल्याअभावी प्रवेश न नाकारणे याही तरतुदी त्यात आहेत. ठाणे परिसरात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, कारण भट्टीवर गेलेल्या मुलापर्यंत दुसरे काही पोहोचत नव्हते. भट्टीवर विटा उलटणाऱ्या मुलाच्या बाबतीत वर्गातल्या इतरांचे मन कितीही मोठे झाले, तरी दिवाळीपासून पावसापर्यंत ते मूल वर्गाबाहेरच राहते. पुस्तक प्रवेश देऊ शकत नाही, उचल फेडू शकत नाही, जमिनीचा मोबदला मिळवून देऊ शकत नाही. ते मूल जूनमध्ये परतल्यावर बाकावर सरकून जागा करणारे कोणी असावे, एवढी तयारी पुस्तक करू शकते. त्या मुलाला भट्टीवरचे सहा महिने सांगावेसे वाटले, तर ते ऐकून घेण्याची सवयही वर्गाला लावू शकते.